धूळघाट रेल्वे : मेळघाटातील एक रेल्वेगाव व त्याचे कोरकू शेजारी

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की शहराची वस्ती मागे पडते न पडते तोच वलगाव येते. वऱ्हाडी माणसाला वलगाव म्हटले की पेढी नदीचा पूल आठवतो आणि २० डिसेंबर १९५६ ही तारीख आठवते. संत गाडगेबाबांनी अमरावतीच्या वाटेवर असताना याच परिसरात अखेरचा श्वास घेतला. आज वलगावाला रेल्वेस्थानकही आहे. नवी अमरावती–नरखेड हा मार्ग एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वाहतुकीस खुला झाला, तेव्हा चांदूरबाजार, मोर्शी, वरूड या संत्र्याच्या पट्ट्याबरोबर वलगावचेही नाव रेल्वेच्या वेळापत्रकात आले. मात्र गावाच्या नावाला त्यामुळे काही जोडले गेले नाही. वलगाव ते वलगावच राहिले.

त्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, असे एक गाव आहे की ज्याच्या नावातच 'रेल्वे' हा शब्द सरकारदरबारी नोंदलेला आहे, आणि २०१७ पासून तेथून एकही प्रवासी गाडी गेलेली नाही. धारणी तालुक्यातील 'धूळघाट रेल्वे' हे ते गाव. जवळच 'धूळघाट रोड' या नावाचेही एक गाव असल्याने दोहोंमधील भेद स्पष्ट व्हावा म्हणून हे शब्द नावाला जोडले गेले असावेत, असे मानणे सयुक्तिक वाटते. वलगाव, परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी या वाटेने मेळघाटात शिरणाऱ्या बहुतेकांना या गावाची गाठ पडत नाही, कारण ते जिल्ह्याच्या पश्चिम टोकाकडे, अकोला आणि बुलढाणा जिल्हे व मध्य प्रदेश यांच्या सीमांजवळ आहे. अमरावती जिल्ह्यातले असूनही त्याचे तोंड दीर्घकाळ अकोट, अकोला आणि खंडव्याकडे होते, कारण गाडी तिकडे जात होती.

लोहमार्ग कसा आला

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. भुसावळहून नागपूरकडे जाणारा मार्ग १८६७ साली पूर्ण झाला आणि अकोला, बडनेरा ही स्थानके कापसाच्या गाठींनी गजबजली. सातपुड्याच्या उत्तरेस इटारसी–खंडवा हा मार्ग १८७० साली जोडला गेला, आणि मुंबई–कोलकाता लोहमार्ग अखंड झाला. अशा रीतीने मेळघाटच्या दोन्ही अंगांना, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात आणि उत्तरेस तापी–नर्मदेकडे, रूळ आले. मधला डोंगर मात्र तसाच राहिला. रेल्वेचे आणि मेळघाटचे पहिले नाते प्रवासाचे नव्हते, लाकडाचे होते. येथील सागवानावर ब्रिटिश सरकारची दृष्टी गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जंगले राखीव झाली, वनखात्याच्या कामासाठी मजूर हाताशी असावेत म्हणून 'वनग्रामे' वसविण्यात आली, आणि ज्या रानात कोरकू पिढ्यान् पिढ्या वावरत होते, त्या रानात त्यांचे राहणे परवानगीवर अवलंबून राहू लागले. पुढील सर्व घडामोडी समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

डोंगर ओलांडणारा लोहमार्ग स्वातंत्र्योत्तर काळातला आहे. निजामाच्या रेल्वेने पूर्णा जंक्शनपासून हिंगोलीपर्यंत मीटरगेज मार्ग नेलेला होता. उत्तरेस राजस्थान–माळव्यातून रतलाम, इंदूर, महू, खंडवा असा दुसरा मीटरगेज मार्ग येत होता. हे दोन तुकडे जोडले तर उत्तर आणि दक्षिण भारतातील मीटरगेजचे जाळे एकसंध होणार होते. ही जोडणी हिंगोली–अकोला–खंडवा या मार्गाने १९६० च्या सुमारास पूर्ण झाली. पुढे जयपूरहून हैदराबादकडे जाणारी 'मीनाक्षी एक्स्प्रेस' याच मार्गाने मेळघाटातून धावू लागली. अकोला ते खंडवा हे अंतर सुमारे १७५ किलोमीटर. उगवे, गांधी स्मारक रोड, पातसूल, अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेड ही सपाटीवरील स्थानके, त्यानंतर वान रोड, मग धूळघाट, डाबका, तुकईथड आणि पुढे खंडवा. यातील 'गांधी स्मारक रोड' हे नाव अनेकांना चमत्कारिक वाटते. महात्माजींच्या अस्थींचे विसर्जन येथे पूर्णेच्या पात्रात झाले होते, त्या स्मरणार्थ ते आहे.

'चार'चा आकडा

वान रोड आणि धूळघाट यांच्या दरम्यान हा लोहमार्ग जे काही करतो ते भारतात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते. चढ चढता चढता मार्ग गोल फिरतो आणि आपल्याच रुळांना वरून ओलांडून पुढे जातो. नकाशावर पाहिल्यास देवनागरी ४ या अंकासारखी आकृती दिसते. म्हणून लोक त्यास 'चार का आकडा' म्हणत. डब्याच्या खिडकीतून खाली पाहिले की थोड्या वेळापूर्वी आपण जेथून गेलो ते रूळ दिसत. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचा बतासिया लूप पर्यटकांच्या छायाचित्रांमुळे जगाला माहीत झाला, मात्र धूळघाटच्या वळणाची कीर्ती वऱ्हाड–निमाडाबाहेर फारशी गेली नाही.

हे वळण घेण्याचे कारण अगदी साधे आहे. आगगाडीची पोलादी चाके पोलादी रुळांवर फार तीव्र चढ चढू शकत नाहीत. उंची गाठावयाची तर अंतर वाढवावे लागते, आणि अरुंद दरीत अंतर वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे गोल फिरणे. मीटरगेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर एक मीटर, तर ब्रॉडगेजमध्ये ते १६७६ मिलिमीटर असते. रूळ जितके रुंद, तितकी वळणेही मोठी लागतात. भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार मीटरगेजचे वळण १०९ मीटर त्रिज्येपर्यंत घेता येते, ब्रॉडगेजसाठी मात्र किमान १७५ मीटर त्रिज्या लागते. म्हणजे जुन्या मार्गावरील रूळ काढून तेथेच रुंद रूळ टाकले, असे येथे करता येण्यासारखे नव्हते. रुंदीकरण म्हणजे नवे खोदकाम, नवे भराव, नवे पूल आणि अर्थातच नवी वृक्षतोड. पुढे जो वाद झाला त्याचे एक मूळ या भूमितीत आहे.

एकेरी लोहमार्गावरील घाटातले स्थानक म्हणजे एक छोटी वसाहतच असे. समोरासमोर येणाऱ्या गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील अशी दुहेरी रुळांची सोय, स्टेशनमास्तर, पॉइंट्समन, रुळांची रोज पाहणी करणारे कीमन आणि गँगमन, त्यांची क्वार्टर्स, पाण्याची व्यवस्था. बाहेरगावची, निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे रेल्वेच्या नोकरीनिमित्त जंगलात येऊन राहत आणि बदली झाली की जात. शेजारी मात्र कायमचेच होते.

शेजारी कोण होते

मेळघाट म्हणजे धारणी व चिखलदरा हे दोन तालुके. येथील बहुसंख्य लोक आदिवासी आहेत आणि त्यांत कोरकू प्रमुख. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू या शब्दाचा अर्थच 'माणसे' असा होतो. कोरकू भाषा मुंडा कुळातील आहे. संथाळी, मुंडारी, हो या तिच्या बहिणी पूर्वेकडे, झारखंड–ओडिशात राहतात, आणि त्याच ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुळाचे दूरचे नातलग थेट व्हिएतनाम व कंबोडियात सापडतात. या अवाढव्य कुळाची सर्वांत पश्चिमेकडील भाषा कोणती, तर आपल्या मेळघाटातील कोरकू. २०११ च्या जनगणनेत सुमारे सात लाख सत्तावीस हजार लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. त्यांतील मोठा भाग मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) इत्यादी भागांत आहे. संस्कृत शिकलेल्यांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट: संस्कृतप्रमाणे कोरकूतही एकवचन, द्विवचन व अनेकवचन अशी तीन वचने आहेत. मराठीने जे टाकून दिले ते या 'अडाणी' समजल्या गेलेल्या भाषेने जपले आहे. वाघाला कोरकू 'कुला' म्हणतात. सिपना या नदीच्या नावाचा संबंध कोरकूतील सागाच्या नावाशी लावला जातो.

या भाषेचे पहिले सविस्तर व्याकरण रेव्हरंड जॉन ड्रेक या प्रोटेस्टंट मिशनऱ्याने लिहिले. ते १९०३ साली कोलकात्यात प्रसिद्ध झाले. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी अभ्यासकांना आजही ते चाळावे लागते, यात त्या ग्रंथाचा गौरव आहे तसाच आपणा नंतरच्यांचा कमीपणाही आहे. प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गात बसलेल्या कोरकू मुलाला मराठी ही जवळजवळ परभाषा असते, ही बाब मेळघाटात काम केलेला कोणताही शिक्षक सांगेल.

कोरकू गावाची रचना ओळखता येते. मधोमध रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर ओळीने घरे, स्वच्छ सारवलेली अंगणे. भूमका हा गावाचा पुजारी व वैद्य, तर आडा पटेल हा गावाचा प्रमुख. मृतांच्या स्मरणार्थ लाकडाचे कोरीव स्तंभ उभारतात, त्यांना 'मुंडा' म्हणतात. त्यांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. मृत्यूनंतर हा विधी लगेच होतो असे नाही. खर्च पेलण्याइतकी ऐपत येईपर्यंत कुटुंब थांबते आणि मग भाऊबंदांना जमवून पितरांचे ऋण फेडते. कोदो, कुटकी, सावा ही जुनी धान्ये, मोहाची फुले, तेंदूपत्ता आणि मजुरी यांवर संसार चालतो. अलीकडे सोयाबीनही आले.

कोरकूंशिवाय गोंड, गवळी, बलाई असे इतरही समाज मेळघाटात आहेत. निहालांविषयी वेगळे सांगितले पाहिजे, आणि ते पुढे येईल.

गाडी त्यांच्यासाठी काय होती

लोहमार्ग बांधला तो उत्तर–दक्षिण जोडण्यासाठी. कोरकूंसाठी कोणी तो बांधला नव्हता. तरीही साठ वर्षांच्या सहवासात तो त्यांचा झाला. दिवाळीनंतर खरिपाचे धान्य घरात आले की मेळघाटातील माणसे कामाच्या शोधात खाली उतरतात. कापूस वेचणी, संत्र्याच्या बागा, वीटभट्ट्या, रस्त्यांची कामे जिथे मिळतील तिथे जातात, आणि होळीला परततात. अल्प भाड्यात, मुलाबाळांसह, गाठोडी व कोंबड्यांसह नेणारे वाहन पॅसेंजर गाडीवाचून दुसरे नव्हते. अकोटचा बाजार, अकोल्याचे मोठे रुग्णालय, खंडव्याकडचे सोयरे, सारे या एका गाडीने जोडलेले होते.

रुग्णालयाचा उल्लेख सहज केलेला नाही. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. कुपोषण हा शब्द त्यानंतर मेळघाटाला असा चिकटला की आजही सुटलेला नाही. आरोग्यसेवेपासूनचे अंतर हे त्यामागील एक कारण होते. डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी धारणी तालुक्यातील बैरागड येथे आयुष्य वेचले व २०१९ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. आरंभी बैरागडला पोहोचण्यासाठी कित्येक मैल पायपीट करावी लागे. अशा मुलखात ठरलेल्या वेळी येणारी, पावसाळ्यातही बहुधा चालणारी गाडी म्हणजे काय, हे शहरातील वाचकाने स्वतःच ताडून पाहावे.

गाडी थांबली

भारतीय रेल्वेने देशभर एकच रूळमाप ठेवण्याचे ठरविल्यानंतर मीटरगेज मार्ग एकामागोमाग रुंद होऊ लागले. पूर्णा–अकोला हा भाग २००८ साली ब्रॉडगेज झाला. त्याबरोबर लांब पल्ल्याच्या गाड्या या डोंगरातून जाणे संपले आणि अकोला ते रतलाम एवढ्याच तुकड्यावर मीटरगेज उरली. २०१७ च्या आरंभी अकोला–खंडवा वाहतूकही रुंदीकरणासाठी बंद करण्यात आली. अकोला–अकोट हा सपाटीवरील भाग पूर्ण होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे गाडी सुरू झाली. अकोटच्या पुढे काय करावयाचे, यावर मात्र बराच काळ वाद चालला.

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तो १९७३–७४ साली स्थापन झाला. जुना लोहमार्ग त्याहूनही जुना आहे, हे विसरता कामा नये. गाडी आली तेव्हा अभयारण्य नव्हते. १९९७ साली वान अभयारण्य जाहीर झाले आणि हा मार्ग संरक्षित क्षेत्रात मोडू लागला. रुंदीकरण जुन्याच मार्गाने झाले असते तर सुमारे ३८ किलोमीटर ब्रॉडगेज रूळ व्याघ्र प्रकल्पातून गेले असते, आणि त्यावरून दिवसाला मोजक्या संथ गाड्या नव्हे तर वेगवान मालगाड्या रात्रंदिवस धावल्या असत्या. वन्यजीवप्रेमी संस्थांनी यास विरोध केला. प्रकरण वन्यजीव मंडळे व न्यायालये यांच्यापुढे गेले. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वे मंत्रालयाला पत्र लिहून प्रकल्पाबाहेरील पर्यायी मार्गाचा आग्रह धरला. त्यानंतर हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने, डोंगराला वळसा घालून तुकईथडकडे जाणारा मार्ग पुढे आला. तो जुन्या मार्गाहून बराच लांब आहे, परंतु वाटेतील अनेक गावांना प्रथमच रेल्वे मिळेल.

या निर्णयाबद्दल आमचे मत असे की वाघांच्या दृष्टीने तो योग्य आहे. नागमोडी घाटातून हळू जाणारी मीटरगेज आणि ब्रॉडगेजची मालवाहतूक यांची तुलनाच होऊ शकत नाही. तथापि, त्या निर्णयाची किंमत कोणी चुकती केली, हेही नमूद झाले पाहिजे. वळसा घालणारा मार्ग तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या शेतकऱ्यांना उपयोगी पडेल. धूळघाट व डाबका परिसरातील कोरकूंना त्याचा उपयोग नाही. जी एकमेव गाडी त्यांच्या दारातून जात होती ती गेली, आणि तिच्या बदल्यात काय द्यावयाचे, हा प्रश्न त्या सर्व पत्रव्यवहारात अग्रभागी नव्हता.

याच डोंगरातील दुसरी हकीगत याला जोडून वाचावी लागते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून गावे बाहेर काढण्याचे काम या शतकाच्या आरंभापासून सुरू आहे. बोरी, कोहा, कुंड ही पहिली. नंतर अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी येथील कुटुंबे अकोट–तेल्हाऱ्याच्या पायथ्याला आणून वसविण्यात आली. प्रत्येक पात्र कुटुंबास दहा लाख रुपये, असा नियम होता. पैसा मिळाला, परंतु जमीन, काम, पाणी व दवाखाना यांबाबत तक्रारी वाढत गेल्या. पुनर्वसित वस्त्यांत मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे लोक सांगू लागले आणि काही कुटुंबे पुन्हा डोंगरात परतली. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी परिसरात परतलेले ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यात हिंसक संघर्ष होऊन दोन्हीकडील माणसे जखमी झाली. वनाधिकार कायदा २००६ साली झाला होता, तरीही हे घडले. ज्यांना गाव सोडावे लागले आणि ज्यांची गाडी गेली, ती एकाच डोंगरातील माणसे आहेत.

कॅनडातही असे घडले

रेल्वेने गाव वसवावे आणि रेल्वेनेच ते ओस पाडावे, ही गोष्ट जगात नवीन नाही. कॅनडाच्या गवताळ मैदानी प्रांतांत, सस्कॅचेवान व अल्बर्टामध्ये, १८८५ साली पूर्ण झालेल्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनंतर शाखामार्गांचे जाळे विणले गेले. शेतकऱ्याला गहू घोडागाडीने आणून एका दिवसात परत जाता यावे, इतक्या अंतरावर स्थानके ठेवली गेली, आणि प्रत्येक स्थानकाभोवती धान्याचे उंच लाकडी कोठार, दुकान, शाळा, चर्च असे गाव उभे राहिले. त्या जमिनी आधी क्री, ब्लॅकफूट आदी मूळ रहिवाशांच्या होत्या. १८७६ व १८७७ च्या करारांनी त्यांना राखीव क्षेत्रांत आणले गेले. पुढे १९९५ मध्ये धान्यवाहतुकीचे सरकारी अनुदान बंद झाल्यावर अनेक शाखामार्ग उखडले गेले, कोठारे पाडली गेली, गावे रिकामी झाली. शेजारचे मूळ रहिवासी मात्र तेथेच राहिले. धूळघाट आणि ती गावे यांत फरक असा की तेथे गावकरी दुसऱ्या शहरी निघून गेले. कोरकूंना तशी दुसरी जागा नाही. होती ती हीच.

नव्या मार्गावरचे शेजारी

आता निहालांविषयी. नवा मार्ग ज्या जळगाव जामोद परिसरातून जाणार आहे, तेथे डोंगराच्या पायथ्याच्या काही गावांत निहाल समाज राहतो. त्यांची निहाली भाषा बोलणारे सुमारे दोन ते अडीच हजारच लोक असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिच्यात कोरकूचे, मराठीचे, हिंदीचे आणि द्राविडी भाषांचे शब्द भरपूर आहेत. दोन, तीन, चार हे आकडे द्राविडी वळणाचे, तर पुढचे हिंदीचे. परंतु हे सारे उसने शब्द बाजूला काढल्यावर जो गाभा उरतो, तो जगातील कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. डच विद्वान एफ. बी. जे. काउपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि आजही भाषाशास्त्रज्ञ तिला एकाकी भाषा मानतात. बुलढाणा जिल्ह्यात जगातील अशी एक दुर्मिळ भाषा बोलली जाते, हे खुद्द जिल्ह्यातील बहुतेकांना ठाऊक नसते. निहाल घरातली नवी पिढी वेगाने मराठी–हिंदीकडे वळत आहे. रेल्वेच्या कामावर मजूर लागतील तेव्हा ते कोठून येतील आणि काम संपल्यावर त्यांच्यासाठी त्या स्थानकांत काय उरेल, याकडे आतापासून लक्ष ठेवावयास हवे.

धूळघाट रेल्वे येथे जावयाचे झाल्यास आता रस्त्यानेच जावे लागते. अमरावतीहून वलगाव, परतवाडा, हरिसाल मार्गे धारणी गाठून पुढे पश्चिमेकडे वळावे. अंतर मोठे व रस्ता घाटाचा असल्याने पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. होळीच्या दिवसांत गेल्यास गावे माणसांनी भरलेली दिसतात, कारण कामासाठी गेलेले सर्व तेव्हा घरी असतात. त्या दिवसांत रस्त्यात दोरी आडवी धरून मुले-बायका फगवा मागतात. सुटे पैसे जवळ असावेत.